दहावा लेट मार्क

मी स्वतःबद्दल फारसं बोलत नाही. पण एवढं सांगायलाच हवं, की बावीस वर्षांत ऑफिसच्या मस्टरवर माझ्या नावापुढे एकदाही लाल शेरा पडलेला नाही. आता काही हितशत्रू म्हणतील, पडणार कसा, शेरा मारणारा हाच! खरं आहे, मस्टर माझ्याच ताब्यात असतं. पण म्हणून मी साडेनऊला घरातून निघायचा थांबतो का? दहा वाजून दहा मिनिटांनी मस्टर साहेबांच्या केबिनमध्ये जातं, आणि त्याआधी ज्याची सही नाही त्याच्या नावापुढे मी लाल शाईने 'उशिरा' असं लिहितो. शेजारी 'कारण' असा एक रकाना आहे. तो मी कोराच ठेवतो. माणसं कारणं सांगायला लागली की ऐकणाऱ्याचा दिवस जातो.

सगळ्यात जास्त लाल शाई खाल्लीय ती आमच्या नकाशावाल्याने. हा आमच्याच ऑफिसात नकाशे काढतो आणि राहतो आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर. रोज बरोबर साडेनऊला, मी बूट घालत असतो तेव्हा, याच्या घरात बादली फरफटत नेल्याचा आवाज येतो. खर्रर्र! एकदा मी सोसायटीकडे लेखी तक्रारही केली होती. दहा बाराला हा धापा टाकत येतो आणि म्हणतो, "अहो, खाली पार्किंगमध्येच होतो, गाडी लावत होतो." मी एकच उत्तर देतो. "हजेरी टेबलाशी लागते, पार्किंगमध्ये नाही." हे वाक्य मला स्वतःला फार आवडायचं.

तर माझ्यासारख्या वक्तशीर माणसाच्या पोटी ठकी जन्माला आली. वय वर्षं नऊ. हुशार आहे, गुणी आहे, पण सकाळी तिला उठवणं म्हणजे विहिरीतून हत्ती काढणं. हाक मारा, "हं" म्हणते. पांघरूण ओढा, उशी पांघरते. उठवून बसवा, बसल्या बसल्या झोपते. एकदा तर दात घासता घासता झोपली होती. आमची ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसाला चाळीस जणांना सुया टोचते, पण पोटच्या पोरीला साधा चिमटा काढायचा तर हिच्या डोळ्यांत पाणी.

शाळा सातची. सातला घंटा, घंटेला फाटक बंद. आणि परवाच्या सोमवारी शाळेचं पत्र आलं. 'आपल्या पाल्याचे या सहामाहीत नऊ लेट मार्क झाले असून, दहावा होताच तिची दुपारच्या शाखेत बदली करण्यात येईल.' पत्र वाचून मला घाम फुटला. मसुदा मात्र उत्तम होता, मीसुद्धा असाच केला असता.

तुम्ही म्हणाल, मग जाऊ दे की दुपारच्या शाखेत, बरंच आहे! आम्हीही आधी तेच म्हणालो. पण ठकीने पत्र ऐकलं आणि तिचा चेहरा एवढासा झाला. "मग फावडी?" एवढंच विचारलं तिने. फावडी म्हणजे तिची मैत्रीण. पुढच्या दोन दातांमुळे ठकीनेच ठेवलेलं नाव, आणि त्या पोरीने ते आनंदाने घेतलेलं. पहिली दोन वर्षं ठकी शाळेत कुणाशी बोलत नव्हती. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायची. बाई चिठ्ठ्या पाठवायच्या, आम्ही रात्र रात्र बोलत बसायचो. तिसरीत ही फावडी शेजारी येऊन बसली आणि पोरगी बोलायला लागली. आता घरी आल्यावर "फावडी म्हणाली" याशिवाय वाक्य सुरू होत नाही. ती एक मैत्रीण जायची, तर ठकी परत भिंतीकडे वळणार. मला ते परत बघायचं नव्हतं. सहामाही व्हायला बारा दिवस होते, त्यानंतर लेट मार्क पुन्हा शून्यापासून मोजतात. बारा दिवस काढायचे होते.

चूक एवढीच झाली की ही गोष्ट मी जिन्यात बोललो. समोरच्या काकू सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत. त्या दारातूनच म्हणाल्या, "अहो, गजर लावता तो कुठे ठेवता?"

"उशाशी."

"तिथेच चुकतं! घड्याळ स्टीलच्या पातेल्यात ठेवायचं, पातेलं परातीत, आणि परातीत चमचे. आमचे चौघे असेच वाढले."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला आमच्या घरात जे काही झालं त्याला गजर म्हणत नाहीत. मी पलंगावरून खाली पडलो. माझ्या म्हाताऱ्या आईने देवाचं नाव घेतलं. समोर दिवा लागला, खाली लागला, वर लागला. नकाशावाला टॉवेल गुंडाळून जिन्यात आला आणि ओरडला, "गॅसचा स्फोट झाला का हो?" अख्खी इमारत आमच्या दारात गोळा झाली आणि सगळ्यांनी मिळून ठकीकडे बघितलं. ठकीने कूस बदलली. संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली, की सकाळी सातच्या आत भांडी वाजवायची असल्यास आठ दिवस आधी लेखी अर्ज करावा. खाली सही सेक्रेटरींची, म्हणजे काकूंचीच! मी विचारलं तर म्हणाल्या, "सल्ला शेजारीण म्हणून दिला होता, नोटीस सेक्रेटरी म्हणून दिली." नियम म्हणजे नियम.

मग काकूंनी शेजारीण म्हणून दुसरा सल्ला दिला. घरातले मोबाइल संध्याकाळीच कपाटात बंद करायचे, त्यांच्यामुळे पोरांची झोप उडते. आम्ही तेही केलं. किल्ली आईकडे दिली. आईच्या कनवटीला गेलेली किल्ली ठकी शाळेत पोचल्याशिवाय बाहेर येत नसे, मग जग का बुडेना.

अकरा दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. थंड पाणी झालं, खिडकी उघडी ठेवून झाली, गणवेश घालूनच झोपवून झालं. (गणवेश इतका चुरगळला की बाईंनी 'घरी सर्व ठीक आहे ना?' अशी चिठ्ठी पाठवली.) रोज फाटक बंद होता होता आम्ही आत घुसत होतो. एक दिवस तर वॉचमनचा हात कडीला लागला होता आणि ठकी त्याच्या हाताखालून गेली. माझं वजन तीन किलो घटलं. ही रात्री झोपेत "ऊठ गं ऊठ" म्हणायला लागली. आणि ज्या पोरीसाठी हे चाललं होतं ती रोज स्कूटरवर माझ्या पाठीला डोकं टेकून विचारायची, "बाबा, आज वाचलो?" मी म्हणायचो, "वाचलो."

राहिला शेवटचा दिवस. आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. घरातलं भिंतीवरचं घड्याळ हे माझं खातं. दर रविवारी मी ते सेकंदाला सेकंद जुळवतो आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा दंडक आहे. पण त्या संध्याकाळी, कुणी नाही असं बघून, मी ते पंधरा मिनिटं पुढे केलं. मनगटावरचंही केलं. कुणाला सांगितलं नाही, कारण पुढे केलेलं घड्याळ ज्याला ठाऊक असतं तो मनात ते मागेच करून बघतो. बावीस वर्षं वेळेची राखण केलेल्या माणसाने वेळेशी खोटेपणा केला, आणि तेही स्टुलावर चढून. मला रात्रभर कसंतरीच होत होतं.

सकाळी आई ओरडली, "अगं बाई, पावणेसहा झाले! उठा!"

मी मनात हसलो. साडेपाचच झाले होते, पण बोललो नाही. गंमत म्हणजे हीसुद्धा गालातल्या गालात हसली आणि "बाप रे, पावणेसहा!" म्हणाली. आईपण आज कधी नव्हे ती खुशीत होती. आम्ही तिघं इतके प्रसन्न गेल्या कित्येक वर्षांत एकत्र दिसलो नव्हतो. ठकीला मी उचलून मोरीत उभं केलं, हिने तिचे दात घासले, आईने वेणी घातली. पोरीने डोळे उघडले नाहीत, पण अडवलंही नाही. निघताना बघतो तर माझं मनगटी घड्याळ भिंतीवरच्यापेक्षा पस्तीस मिनिटं मागे. सेल गेला वाटतं, असा निष्कर्ष मी काढला आणि ते भिंतीवरच्याला जुळवून मोकळा झालो. भिंतीवरच्या घड्याळावर अविश्वास दाखवायचा म्हणजे स्वतःवरच दाखवण्यासारखं होतं.

रस्त्यावर काळोख होता. थंडीचे दिवस, असायचाच. दूधवाला दिसला नाही, पेपरवाला दिसला नाही. आज जरा लवकर निघालोय म्हणून, मी म्हटलं. शाळेच्या फाटकाशी मात्र कुत्रंसुद्धा नव्हतं. वॉचमन कानटोपी सारत बाहेर आला.

"काय झालं साहेब? कोण आजारी आहे?"

"शाळा उघडा. साडेसहा होत आलेत."

त्याने आपलं घड्याळ माझ्या डोळ्यांपुढे धरलं. पाच वाजून पन्नास मिनिटं.

तिथल्या तिथे मला हिशेब लागला. पंधरा माझे, उरलेले पस्तीस घरच्यांचे! (संध्याकाळी कबुलीजबाब झाले, हिचे पंधरा आणि आईचे वीस. आई पंचाहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढली होती.) म्हणजे आम्ही पोरीला पाच वाजायच्या आत उठवलं होतं. तिच्याकडे बघितलं तर ती स्कूटरला धरून उभ्या उभ्या थरथरत होती. मला माझीच लाज वाटली.

"फाटक सहा चाळीसला," वॉचमन म्हणाला. "नियम आहे. पण पोरीला घेऊन केबिनमध्ये बसा. दार लोटून घ्या, वारा येतो."

केबिनमध्ये बाकडं होतं आणि एक हीटर होता. ठकी दप्तर मांडीवर घेऊन बसली आणि क्षणात झोपली. मी शेजारी ताठ बसलो. आता काय, शाळेच्या आवारातच आहोत, घंटा झाली की पन्नास पावलांवर वर्ग. जगात आज कुणीही आमच्याइतकं वेळेवर नव्हतं. अकरा दिवसांत पहिल्यांदाच मी पाठ भिंतीला टेकली.

"ओ साहेब! ओ! कोण तुम्ही?"

कुणीतरी माझा खांदा गदागदा हलवत होतं. हा वॉचमन दुसराच होता. साडेसहाला पाळी बदलली होती, आणि पहिला आमच्याबद्दल काही न सांगता घरी गेला होता. नवा बिचारा फाटकावर पोरं आत घेत होता, पाण्याची बाटली घ्यायला केबिनमध्ये आला तर आत आम्ही.

"किती वाजले?"

"सात वीस."

शेजारी ठकी बसली होती, दप्तर मांडीवर, डोळे उघडे. तीही आत्ताच जागी झाली असणार, एवढाच विचार मी केला. आणि मग माझा तोल गेला. "आजच्या दिवशी तरी! अगं, घंटा झाली तरी तुला कळू नये? दहावा आहे हा, दहावा! तुला काही वाटतं की नाही?" असं आणि बरंच काही मी बोललो. वॉचमन खाली बघायला लागला. ठकी बुटांकडे बघत राहिली.

ऑफिसच्या खिडकीशी क्लार्क बाई होत्या. लाल पेन. मस्टर. रकाने. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

"बाई, आम्ही पाच पन्नासला आलोय! संपूर्ण शाळेच्या आधी!"

"कुठे होता?"

"इथेच. केबिनमध्ये. फाटकावर."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हजेरी वर्गात लागते हो. फाटकावर नाही."

बाई हे अगदी माझ्याच आवाजात म्हणाल्या. त्या वाक्यात मला आवडण्यासारखं काय होतं, ते मला त्या क्षणी आठवेना.

मग त्यांनी फॉर्म दिला, 'विलंबाचे कारण'. तो दोन प्रतींत. त्यावर शिक्का, शिक्का आठ वाजता येणाऱ्या शिपायाकडे. शिक्का झाल्यावर मुख्याध्यापिकांपुढे, आणि मुख्याध्यापिका पहिले चार तास शिकवतात, पावणेदहाला भेटतील. तोवर मुलीला वर्गात घेता येणार नाही, कारण तिची शाखा कुठली हेच ठरायचंय! ऑफिसला कळवायचं तर मोबाइल कपाटात आणि किल्ली आईच्या कनवटीला. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. समोरच्या वर्गाच्या खिडकीतून दोन मोठे दात सारखे ठकीकडे बघत होते. ठकीने हात हलवला. खिडकीतूनही हात हलला. हे मला बघवेना.

दहाला पाच कमी असताना आत बोलावलं. मुख्याध्यापिका बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक. मी घड्याळापासून सगळं सांगितलं. पातेलं सांगितलं, पस्तीस मिनिटं सांगितली. त्या न हसता ऐकत होत्या, आणि हसल्या असत्या तर बरं, असं वाटत होतं.

"उशीर कुणाला झाला?" त्यांनी विचारलं.

"हिला."

"मग कारण हिला लिहू दे." त्यांनी फॉर्म आणि पेन ठकीपुढे ठेवलं.

ठकी खुर्चीच्या टोकावर बसून लिहायला लागली. जीभ बाहेर, मान वाकडी. बराच वेळ लिहीत होती. घड्याळात दहा वाजून पाच झाले, आणि पाच मिनिटांनी माझं मस्टर माझ्याशिवाय साहेबांच्या केबिनमध्ये जाणार होतं. बावीस वर्षं! पण खरं सांगतो, त्या वेळी मला फक्त त्या पेनाचा आवाज ऐकू येत होता. सगळं संपलं होतं आणि ते मी संपवलं होतं. ठकीने कागद दिला. मुख्याध्यापिकांनी वाचला, परत वाचला, आणि माझ्या हातात दिला.

'घंटा झाली तेव्हा मी उठले होते. मला माहीत होतं आज दहावा आहे. पण बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ते झोपले होते. झोपेतून उठवलं की किती वाईट वाटतं ते मला माहीत आहे. बाबांना तर सवय पण नाही कारण त्यांना कधीच कोणी उठवत नाही. म्हणून मी हलले नाही. फावडीला सांगा मी मुद्दाम केलं नाही.'

मी कागद धरून बसलो. अक्षरं दिसेनाशी झाली. केबिनमध्ये मी हिला काय काय बोललो होतो! आणि हिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. "अगं, मग मला सांगायचं नाही का?" मी कसंबसं म्हटलं.

"तुम्ही विचारलंच नाही," ठकी म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी क्लार्क बाईंना बोलावलं. "हे कारण लावून घ्या. लेट मार्क नाही."

"पण बाई, हे नियमात कुठे बसतं?"

"बसवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुलगी वेळेवर होती. उशिरा तुम्ही उठलात. हा मार्क तुमच्या नावावर. आणि घड्याळ आधी नीट लावा. मुलांना झोपही लागते."

ठकी 'जाऊ?' एवढं म्हणून सुटली. व्हरांड्यात तिच्या बुटांचा आवाज येत होता आणि मग वर्गातून एक किंचाळी ऐकू आली. ती फावडीचीच असणार.

मी ऑफिसला पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. साहेबांच्या केबिनमधून परत आलेलं मस्टर माझ्या टेबलावर उघडं होतं आणि माझ्या खुर्चीत, साहेबांच्या हुकमावरून, नकाशावाला बसला होता. हातात माझंच लाल पेन. सगळं ऑफिस माना खाली घालून कान टवकारून बसलं होतं. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं पेन पुढे केलं.

मी माझ्या नावापुढे 'उशिरा' असं लिहिलं. मग बावीस वर्षं कोऱ्या ठेवलेल्या रकान्यात लिहिलं, 'झोप लागली.'

पेन खाली ठेवता ठेवता मी विचारलं, "तुम्हाला का हो रोज उशीर होतो?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "नऊ वर्षांनी विचारताय?"

"विचारतोय."

"वडील अंथरुणाला खिळलेत. बघणाऱ्या मावशी पावणेदहाला येतात. त्याच्या आत त्यांना अंघोळ घालायची असते. बादली भरली की मला एकट्याला उचलवत नाही, म्हणून फरफटत नेतो." मग म्हणाला, "तुम्हाला आवाजाचा त्रास होतो ते माहीत आहे. तक्रार वाचली होती मी."

मी लाल पेनाला टोपण घातलं.

त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून घड्याळ बरोबर लावलं. दुसऱ्या दिवशी ठकी अर्थातच उठली नाही. सहाला हाक मारली, सव्वासहाला मारली, सहा पंचवीसला मी नुसता पलंगाच्या कडेला बसून राहिलो, तेव्हा कुठे तिने एक डोळा उघडला. सात वाजायला एक मिनिट असताना आम्ही फाटकातून आत गेलो.

परत येऊन मी माझं आवरलं, बूट घेऊन खुर्चीत बसलो. साडेनऊ झाले. डोक्यावर आवाज आला, खर्रर्र.

मी बूट तसेच ठेवले आणि अनवाणी जिना चढून वर गेलो. नकाशावाल्याने दार उघडलं, बाह्या सरसावलेल्या, अंगावर पाणी.

"अहो, दहा दहाला मस्टर जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे," मी म्हटलं. "बादलीची दुसरी बाजू मला द्या."